बॉस्टनचे महावाद्य

ऑर्गन हा शब्द कानी पडताच मराठी नाट्यरसिकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते रंगमंचापुढे मांडलेल्या त्या भारदस्त पायपेटीचे होय. पडदा वर जाण्यापूर्वी नांदीचा सूर धरणारी, पदाच्या आरंभी नटाला आधार देणारी आणि त्याने तान घेतली की क्षणभर मागे सरणारी ही पायपेटी बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकाचे एक अंगच होऊन बसली होती. तिच्यात नळी नसते. वादक पायांनी भाता चालवितो, वाऱ्याने पितळी रीड कंप पावते आणि सूर उमटतो. गिरजाघरांत आणि पाश्चात्त्य संगीतसभागृहांत ज्याला ऑर्गन म्हणतात ते वाद्य याहून सर्वस्वी निराळे. दोहोंना एकच नाव लाभल्यामुळे आपल्याकडे बराच घोटाळा होतो.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण मात्र आपल्या पायपेटीनेच आम्हांस पुरविले. ज्या परप्रांतीय गावी आमचे सध्या वास्तव्य आहे, तेथील महाराष्ट्र मंडळात जुन्या नाटकांच्या काळचा एक ऑर्गन पडून आहे. हिशेबखात्यातील एका गृहस्थांनी तो पुण्याहून बदलीवर येताना आणला आणि पुढच्या बदलीच्या वेळी मंडळाला देऊन टाकला. त्याच्या भात्याचे कातडे विरले आहे, निम्म्याहून अधिक रीड बसले आहेत. गेल्या वार्षिक सभेत त्याचे काय करावे असा प्रश्न निघाला. दुरुस्तीला उत्सुक असलेल्या एका सभासदांना दुसऱ्यांनी विचारले, "नवे रीड घातले, नवा भाता बसविला, तर मग तो जुना ऑर्गन राहिला कोठे?" या प्रश्नाला उत्तर देणे त्या सभेत कोणालाही साधले नाही. शेवटी वाद्य पुसून, पॉलिश करून, प्रवेशदालनात पितळी पाटीसह ठेवावे असे ठरले. आम्ही त्या ठरावाच्या विरुद्ध हात वर केला नाही. त्याची रुखरुख मनात असतानाच अमेरिकेतील एका महावाद्याचा इतिहास पुन्हा वाचनात आला, आणि आमच्या सभेत अनुत्तरित राहिलेला प्रश्न तेथे फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता असे दिसून आले.

हे वाद्य म्हणजे बॉस्टनच्या म्युझिक हॉलमधील 'ग्रेट ऑर्गन'. त्याच्या इतिहासात शिरण्यापूर्वी अशा वाद्याची रचना दोन शब्दांत सांगणे इष्ट होईल. भात्यातून दाबाखालची हवा एका मोठ्या पेटीत येते आणि त्या पेटीवर नळ्या उभ्या असतात. वादकाने पट्टी दाबली की एक झडप उघडते आणि हवा नळीत शिरते. काही नळ्या बासरीसारख्या ओठाने बोलतात, काहींच्या बुडाशी धातूची जीभ असते. एका जातीच्या सर्व नळ्यांची एक रांग, आणि ती रांग चालू-बंद करणारी खुंटी म्हणजे 'स्टॉप'. नळी जितकी लांब तितका सूर खाली. आठ फुटांची नळी जो सूर देते त्याच्या दोन सप्तके खालचा सूर बत्तीस फुटांची नळी देते. या सुराला सेकंदाला सुमारे सोळाच कंपने असल्यामुळे तो कानांपेक्षा पायाखालच्या फरशीत आणि छातीच्या पिंजऱ्यात अधिक जाणवतो. वादकासमोर हातांच्या पट्ट्यांच्या तीन-चार ओळी एकावर एक असतात आणि पायांसाठी आणखी एक. असे वाद्य एका खोलीत ठेवलेली वस्तू राहत नाही. ज्या दालनात ते उभारले जाते त्या दालनाशी त्याचा संसार जडतो, आणि दालन बदलले की आवाजही बदलतो. पुढील सर्व कथा समजण्यास एवढे ध्यानी असले म्हणजे पुरे.

बॉस्टन म्युझिक हॉल १८५२ मध्ये उघडला. हार्वर्ड म्युझिकल असोसिएशनच्या पुढाकाराने, नागरिकांच्या वर्गणीतून तो उभा राहिला. थिओडोर पार्कर यांच्यासारख्या सुधारक धर्मोपदेशकाची प्रवचने तेथे होत आणि हँडेलची ओरेटोरिओही होत. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील अनेक सभा त्याच छपराखाली भरल्या. १८६३ च्या १ जानेवारीस लिंकनचा मुक्तिजाहीरनामा अमलात आला त्या दिवशीचा आनंदोत्सव तेथेच झाला आणि इमर्सनने आपली कविता तेथेच वाचली. या नगराला आपल्या संस्कृतीविषयी जबर अभिमान होता, आणि त्या अभिमानाच्या पोटी एक न्यूनगंडही होता. व्यापारात, विद्येत आणि वक्तृत्वात आपण युरोपच्या बरोबरीला आलो, परंतु संगीतात अद्याप शिकाऊच आहो, ही जाणीव तेथील सुशिक्षितांना सलत असे. जॉन सलिव्हन ड्वाइट यांनी १८५२ मध्येच सुरू केलेले संगीतविषयक नियतकालिक या जाणिवेचे मुखपत्र म्हणता येईल. उत्तम संगीताने समाजाचे शील उंचावते, अशी ड्वाइट यांची श्रद्धा होती. आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या लेखनाशी परिचय असलेल्या वाचकाला ही श्रद्धा अनोळखी वाटणार नाही.

म्युझिक हॉलच्या संस्थेचे अध्यक्ष डॉ. जेबझ बॅक्स्टर अपहॅम हे व्यवसायाने वैद्य होते. सभागृहाला साजेसा ऑर्गन हवा म्हणून ते युरोपात गेले, तेथील नामांकित वाद्ये त्यांनी पाहिली, ऐकली, आणि १८५७ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथील एबरहार्ड फ्रीड्रिख वॉल्कर यांच्याशी करार केला. निवड उत्तम होती यात शंका नाही. फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्खमधील १८३३ च्या वाद्याने वॉल्कर यांची कीर्ती झाली होती, आणि उल्मच्या प्रार्थनामंदिरात शंभर स्टॉपांचा ऑर्गन १८५६ मध्ये त्यांनीच उभा केला होता. हवेच्या पेटीत प्रत्येक नळीला शंकूच्या आकाराची स्वतंत्र झडप देण्याची रचनाही त्यांच्याच कारखान्यातली. त्यांच्या वाद्यांचा आवाज भरदार, मऊ आणि थरांथरांनी वाढत जाणारा असे. हलक्या फुंकरीपासून पूर्ण गर्जनेपर्यंत तो सलग चढे, मध्ये पायरी लागत नसे. त्या काळच्या जर्मन स्वच्छंदतावादी अभिरुचीचे ते खास अपत्य होते.

वाद्य जर्मनीत तयार झाले, परंतु त्याचा दर्शनी भाग अमेरिकेतच घडविला गेला. हॅमॅट बिलिंग्ज यांनी आराखडा काढला आणि न्यू यॉर्कच्या हर्टर ब्रदर्स या पेढीने अक्रोडाच्या लाकडात तो कोरला. सुमारे साठ फूट उंचीचा तो देखावा, त्यातले मनोरे, कथिलाच्या चकाकत्या प्रचंड नळ्या आणि त्यांचा भार खांद्यांवर पेलणारे महाकाय पुरुष यांची छायाचित्रे आजही पाहणाऱ्याला थबकवितात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना 'प्रेस्टो' नावाच्या जहाजातून नळ्या व यंत्रभाग समुद्रापार आले. उभारणीस कित्येक महिने लागले. एकूण खर्च ६०,००० डॉलरांच्या घरात गेला. ८९ स्टॉप आणि ५,४७४ नळ्यांचे हे वाद्य, अमेरिकेत तोपर्यंत झालेल्या सर्व ऑर्गनांत मोठे, २ नोव्हेंबर १८६३ रोजी रसिकांपुढे आले. त्या रात्री विख्यात अभिनेत्री शार्लट कुशमन हिने या प्रसंगासाठी रचलेले दीर्घकाव्य म्हटले आणि नगरातील प्रमुख वादकांनी आळीपाळीने वाद्य वाजविले. 'अटलांटिक मंथली'च्या त्याच महिन्याच्या अंकात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला.

येथे टीकाकाराने क्षणभर थांबून एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. हे वाद्य कशासाठी आणले होते? ते वाजविण्यासाठी आणले होते, हे उत्तर अर्धेच खरे आहे. जॉन नोल्स पेन यांच्यासारखा बर्लिनमध्ये शिकून आलेला तरुण वादक तेथे होता आणि बाखच्या रचना त्याने मोठ्या समुदायापुढे मांडल्या हे त्या वाद्याच्या पदरातले निर्विवाद पुण्य होय. आरंभीच्या वर्षांत ऑर्गनवादनाचे स्वतंत्र कार्यक्रमही पुष्कळ झाले. परंतु सहा वर्षांची प्रतीक्षा, युद्धकाळातला तो अवाढव्य खर्च, साठ फुटांचा कोरीव देखावा आणि काव्यवाचनासह झालेला उद्घाटनसोहळा यांचा एकत्र विचार केला असता, त्या नगराला वाद्याइतकेच एक प्रमाणपत्र हवे होते असा आमचा ग्रह होतो. आम्ही सुसंस्कृत आहोत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे, ही इच्छा त्यामागे होती. अशी इच्छा हीन आहे असे आम्ही म्हणणार नाही. परमुलखात आपले मंडळ स्थापन करणाऱ्या, त्याची इमारत बांधणाऱ्या आणि तिच्या दालनात महापुरुषांच्या तसबिरी लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते मुळीच म्हणू नये. तथापि जी कलावस्तू प्रमाणपत्र म्हणून आणली जाते तिचे काम पहिल्या दिवशीच संपते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागा अडवू लागते, असा अनुभव आहे.

बॉस्टनमध्ये तसेच घडले. जसजसे नगरातील संगीत खरोखर वाढू लागले तसतसा वाद्याचा अडथळा होऊ लागला. १८८१ मध्ये हेन्री ली हिगिन्सन यांनी बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली आणि म्युझिक हॉल हेच त्याचे घर झाले. त्याच वर्षी ड्वाइट यांचे नियतकालिक बंद पडले. एका पिढीने ज्या संगीतासाठी प्रचार केला ते दुसऱ्या पिढीने प्रत्यक्ष सुरू केले, असा हा संधिकाल होता. आता व्यासपीठावर पूर्ण वाद्यवृंद बसवायचा होता, आणि व्यासपीठाचा मोठा भाग ऑर्गनने व्यापला होता. एकवीस वर्षांपूर्वी नगराचे भूषण म्हणून ज्याचे स्वागत झाले ते वाद्य १८८४ मध्ये ५,००० डॉलरांना विकून काढून टाकण्यात आले. विल्यम ग्रोव्हर नावाच्या गृहस्थांनी ते न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयाला द्यावे या हेतूने घेतले होते. हेतू तडीस गेला नाही. नळ्या, कोरीव पुरुष, मनोरे, सारे एका पडवीत रचून ठेवले गेले आणि तेथेच वर्षांमागून वर्षे पडून राहिले.

वाद्य काढणाऱ्यांना अरसिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि अनेक लेखकांनी ते केलेही आहे. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. ज्या सभागृहात ते उभे होते त्याच्या मानाने ते फार मोठे होते, आणि ज्यांना रोज संगीत करावयाचे होते त्यांना हलण्यास जागा नव्हती. शिवाय वाद्यवृंदाला ऑर्गनचे वावडे होते असेही नाही. १९०० मध्ये याच ऑर्केस्ट्राने आपले स्वतःचे सिंफनी हॉल बांधले तेव्हा तेथे जॉर्ज हचिंग्ज यांच्याकडून नवा ऑर्गन करवून घेतला. त्यांना वाद्य हवे होते, परंतु ते आपल्या गरजेच्या मापाचे हवे होते. दोष असेल तर तो वाद्य काढणाऱ्यांपेक्षा ते पडवीत कुजू देणाऱ्यांच्या माथी येतो. एका वाद्याला निरोप देणे ही अभिरुचीची बाब झाली. निरोप दिल्यावर त्याची व्यवस्था लावणे हे कर्तव्य होते, आणि ते तेरा वर्षे कोणी केले नाही.

१८९७ मध्ये लिलाव झाला आणि एडवर्ड सर्ल्स यांनी ते सारे सामान १,५०० डॉलरांना घेतले. ६०,००० पासून १,५०० पर्यंतची ही उतरण चौतीस वर्षांची आहे. सर्ल्स यांचे चरित्र विलक्षण होते. बॉस्टनच्या उत्तरेस असलेल्या मेथुएन या गिरण्यांच्या गावी १८४१ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करीत आणि ज्या हर्टर ब्रदर्स पेढीने ऑर्गनचा देखावा कोरला त्याच पेढीत त्यांनी नोकरी केली होती. पुढे कॅलिफोर्नियातील रेल्वे-धनिक मार्क हॉपकिन्स यांच्या विधवेशी त्यांचा विवाह झाला, आणि १८९१ मध्ये ती वारल्यावर तिची अफाट संपत्ती त्यांच्याकडे आली. या माणसाने वाद्य घेतले आणि मग त्याच्यासाठी आपल्या जन्मगावी एक सभागृह बांधले. वास्तुविशारद हेन्री व्हॉन यांनी आखलेली, जाड विटांच्या भिंतींची आणि उंच छताची ही इमारत १९०९ मध्ये पुरी झाली. एका टोकाला महावाद्य आणि त्याच्यासमोर मोकळी जागा, याखेरीज त्या इमारतीला दुसरा हेतू नाही. सभागृहासाठी वाद्य घेतात हे सर्वत्र आहे. येथे वाद्यासाठी सभागृह झाले.

वाद्याचे शरीर वाचले ते सर्ल्स यांच्यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे. कोरीव कामाची कदर करणारा त्यांचा डोळा त्या कारखान्यात तयार झाला होता आणि पडवीतल्या त्या लाकडांत त्यांना आपल्या तरुणपणाचे काहीतरी दिसले असावे, अशी आमची कल्पना आहे. जेम्स ट्रीट यांच्या देखरेखीखाली वाद्य पुन्हा बोलू लागले. पण ते बोलले कोणाशी? सभागृह खासगी मालकीचे होते. दार उघडायचे तर मालकाच्या इच्छेने उघडायचे. बॉस्टनमध्ये वाद्य नगराच्या अभिमानाचे चिन्ह होते, मेथुएनमध्ये ते एका धनिकाच्या संग्रहातील रत्न झाले. १९२० मध्ये सर्ल्स वारले आणि वाद्य पुन्हा मालकाच्या शोधात निघाले.

यानंतरचा भाग टीकाकाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९३१ मध्ये ती इमारत अर्नेस्ट स्किनर यांच्याकडे आली. स्किनर हे अमेरिकेतील त्या पिढीचे अग्रगण्य ऑर्गनकार होते. वाद्यवृंदातील क्लॅरिनेट, हॉर्न, तंतुवाद्ये यांचे रंग नळ्यांतून उमटविण्यात त्यांचा हातखंडा होता. परंतु अभिरुची फिरली होती. त्यांच्याच कंपनीत आलेल्या जी. डोनल्ड हॅरिसन या इंग्रज कारागिराने निराळा मार्ग धरला: बाखच्या रचनांतील चारही स्वरधारा सुट्या-सुट्या ऐकू आल्या पाहिजेत, त्यासाठी आवाज स्वच्छ व तेजस्वी पाहिजे, जाड दुलईसारखा मऊपणा नको. लोक हॅरिसनच्या मागे गेले, आणि ज्या कंपनीला स्किनर यांचे नाव होते तिच्यातून स्किनर यांनाच बाजूला व्हावे लागले. मेथुएनला त्यांनी आपला वेगळा कारखाना चालविला. १९४३ मध्ये तो कारखाना आगीत भस्म झाला. शेजारचे सभागृह आणि महावाद्य बचावले. १९४६ मध्ये नागरिकांच्या एका संस्थेने सभागृह ताब्यात घेतले, लोकांसाठी खुले केले, आणि वाद्याची पुनर्रचना एओलियन-स्किनर कंपनीकडे, म्हणजे हॅरिसन यांच्याकडे सोपविली. ज्या वास्तूचे स्किनर मालक होते त्याच वास्तूत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या अभिरुचीने शेवटचा शब्द उच्चारला.

हॅरिसन यांनी केलेला बदल किरकोळ नव्हता. पट्टीपासून नळीपर्यंतची यंत्रणा विजेवर नेली, वादकाचे बैठकस्थान नवे केले, वॉल्कर यांच्या काही नळ्या ठेवल्या, काहींचा आवाज फिरविला, आणि नव्या नळ्या पुष्कळ घातल्या. विशेषतः ज्याला 'मिक्श्चर' म्हणतात त्या रांगा त्यांनी वाढविल्या. ही कल्पना आपल्या रसिकाला तंबोऱ्यावरून चटकन समजेल. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. मूळ सुराच्या पोटातले हे वरचे सूर त्याला झळाळी देतात. ऑर्गनमध्ये तेच वरचे सूर लहान-लहान नळ्यांच्या वेगळ्या रांगांनी मूळ सुरावर चढविले जातात, आणि त्यामुळे साऱ्या नादाला धार येते. वॉल्कर यांच्याकडे ही युक्ती नव्हती असे नाही. परंतु त्यांनी ती मिठाइतकी वापरली असेल तर हॅरिसन यांनी तिला पक्वान्नातला मुख्य पदार्थ केले. आज त्या वाद्यात ८४ स्टॉप, ११५ रांगा आणि ६,०२७ नळ्या आहेत. स्टॉपांची संख्या मुळापेक्षा कमी आणि नळ्यांची जास्त, या एका आकड्यात सारी दिशा दिसते, कारण मिक्श्चरच्या एकाच स्टॉपामागे अनेक रांगा उभ्या असतात.

तेव्हा आता आमच्या मंडळातील सभासदांचा प्रश्न विचारावयाचा: तो जुना ऑर्गन राहिला कोठे? आमचे उत्तर असे की, जुन्या आवाजाच्या दृष्टीने तो राहिलेला नाही, आणि हे कोणताही आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे. मेथुएनला आज जे आहे त्याला तीन जन्मतारखा आहेत. रूप १८६३ चे, वास्तू १९०९ ची, वाणी १९४७ ची. तेथील ध्वनिमुद्रणे ऐकून जो म्हणेल की लिंकनच्या काळातील बॉस्टनकरांनी हेच ऐकले, तो स्वतःला फसवीत आहे. दालनही ते नाही आणि नळ्याही बहुतांशी त्या नाहीत. वॉल्कर घराण्याच्या मूळ आवाजाचा शोध घेणाऱ्याने रिगाच्या कॅथीड्रलकडे कान लावावा. तेथील १२४ स्टॉप व ६,७१८ नळ्यांचे वाद्य वॉल्कर यांच्या पेढीने उभारले ते १८८४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बॉस्टनचे वाद्य मोडून पडवीत गेले त्याच वर्षी. ते आपल्या पहिल्याच घरात आजही उभे आहे. त्याच्या शेजारी मेथुएनचे वाद्य ऐकले म्हणजे काय गमावले ते कळते. मंद सुरापासून भरगच्च नादापर्यंतचा तो अखंड चढ, ते जर्मन अरण्यासारखे गडद गांभीर्य, हॅरिसन यांच्या लखलखीत रचनेत उरलेले नाही.

हे सारे मान्य करूनही हॅरिसन यांना दोषी धरण्यास आम्ही तयार नाही. १९४६ साली त्यांच्यापुढे अखंड, धडधाकट वॉल्कर उभा नव्हता. एकदा मोडलेले, तेरा वर्षे पडवीत राहिलेले, दुसऱ्या दालनात पुन्हा जोडलेले आणि त्यानंतरही बराच काळ गेलेले वाद्य त्यांच्यापुढे होते. त्याला काचेआड ठेवता आले असते. हॅरिसन यांनी ते आपल्या काळातील वादकांना हवेसे वाटेल असे केले. परिणाम असा की, वादकांनी तेथे येणे सुरू केले, उन्हाळ्यातील वादनमाला रुजली आणि अनेक दशके टिकली. बॉस्टनच्या मालकीचे असताना ज्या वाद्याला एकवीस वर्षांहून अधिक काळ घर लाभले नाही, त्याला एका लहान गावाने आपले म्हटले. आपल्याकडे पाच-सहा तासांची संगीत नाटके तीन तासांवर आणताना पदे गाळली गेली, प्रवेश कापले गेले, आणि त्यावर जाणत्यांनी केलेली तक्रार रास्त होती. परंतु ती नाटके आज कोणाला पाहावयास मिळत असतील तर त्या कात्रीमुळेच, हेही तितकेच रास्त आहे. तक्रार करावी, गाळलेले काय ते नोंदवून ठेवावे, आणि प्रयोगालाही जावे.

फरक कोठे करावयाचा हे मात्र बॉस्टनच्या इतिहासावरून शिकता येते. जे वाद्य अद्याप आपल्या मूळ आवाजात बोलत आहे त्याला नव्या अभिरुचीसाठी हात लावणे हा अपराध होय. रिगाच्या वाद्यावर कोणी हॅरिसन पाठविला असता तर आम्ही त्याचा निषेध केला असता. जे वाद्य मुके झाले आहे त्याला बोलके करताना मात्र नव्या नळीची लाज वाटण्याचे कारण नाही, मात्र ती नळी नवी आहे असे सांगण्याचा प्रामाणिकपणा हवा. बॉस्टनच्या वाद्याला त्याच्या आयुष्यात जे अनेक प्रकारचे मान मिळाले त्यांत काव्य होते, लेख होते, कोरीव काम होते, विटांचा महाल होता. त्यांतील प्रत्येकाने त्याच्या रूपाची काळजी घेतली. त्याच्या वाणीची काळजी घेणारा भेटला तो ऐंशी वर्षांनंतर, आणि त्याने ती बदलूनच घेतली. हा दैवदुर्विलास खरा, पण त्याचे मूळ हॅरिसन यांच्या कारखान्यात शोधण्याऐवजी आधीच्या मौनात शोधले पाहिजे.

आमच्या मंडळाचा ऑर्गन ठरल्याप्रमाणे प्रवेशदालनात ठेवला गेला. पॉलिश उत्तम झाले आहे आणि पाटीवर देणगीदारांचे नाव सुवाच्य कोरले आहे. गेल्या गणेशोत्सवात नाट्यपदांच्या स्पर्धेच्या वेळी एका सभासदांची सात-आठ वर्षांची मुलगी त्याच्यापाशी उभी होती. तिने झाकण उघडून एक पट्टी दाबली, मग दुसरी दाबली, आणि आईला विचारले, "हे खोटं आहे का ग?" आई हसली आणि तिला आत घेऊन गेली. आत पदांना साथ चालली होती ती विजेच्या पेटीची.

त्या मुलीच्या प्रश्नाला मंडळाच्या ठरावात उत्तर नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना मांडण्याचे आम्ही ठरविले आहे, आणि या लेखाच्या निमित्ताने ती येथेच नोंदवून ठेवतो. ऑर्गनला नवा भाता बसवावा. जे रीड दुरुस्त होतील ते ठेवावे, जे होणार नाहीत ते नवे घालावे, आणि काढलेले जुने रीड एका डबीत घालून वाद्याच्या पोटातच ठेवावे. पितळी पाटीवर एक ओळ वाढवावी: दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली आणि नवे काय घातले. खर्चाचा अंदाज आम्ही मिळविला आहे. तो एका गणेशोत्सवाच्या मांडवाच्या खर्चाहून कमीच आहे. पुढच्या वर्षी त्या मुलीने पट्टी दाबली तर सूर निघावा. तो सूर जुन्या नाटकमंडळ्यांच्या काळचा नसेल, हे तिला मोठी झाल्यावर सांगता येईल.